धावणारे की चालणारे

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत मी रुजू व्हायला गेलो तेव्हा रामटेके मॅडम लाकडी मोगरीने मातीची ढेकळं फोडत होत्या. मी नेमणुकीचं पत्र हातात धरून दारात उभा राहिलो. वर न बघताच त्यांनी विचारलं, "धावणारे का चालणारे?"

मला वाटलं, नमुने घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांबद्दल काही असेल. मी म्हटलं, "मॅडम, मी लांजेवार. आजपासून..."

"ते कळलं. झोंबी. तुले धावणारे आवडतात का चालणारे?"

मी झोंबीचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. मी मुळात भित्रा माणूस. थिएटरात जाहिरात सुरू असतानाही अंधारात एकदा मागे वळून बघणारा. तसं सांगून टाकलं. मॅडमनी मोगरी खाली ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं.

"भीती तर मलेही वाटते. म्हणून तर पाहते. ये, बस."

मॅडम तेव्हा पन्नाशीच्या जवळ होत्या. बुटक्या, काटक, सुती साडीवर कॅनव्हासचे बूट. ॲप्रनचे खिसे मातीने कायमचे तपकिरी झालेले. नागपुरातच नंदनवनला घर. स्कूटरवरून यायच्या आणि हेल्मेट घालूनच थेट माती वाळवायच्या खोलीपर्यंत जायच्या. तिथे हेल्मेट काढताना आरशात एकदा स्वतःचा चेहरा बघून म्हणायच्या, "हाव, अजून मीच आहे." पहिल्या आठवड्यात मला हा विनोद कळला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मीही आरशात बघायला लागलो.

त्यांचा भाचा पेन ड्राइव्ह भरून सिनेमे द्यायचा, सगळे हिंदीत डब केलेले. नावं मॅडमच्या लक्षात राहत नसत. त्या सिनेम्याला जागेवरून ओळखायच्या. पूलवाला, दवाखानावाला, बेटावरचा, लिफ्टवाला. माती वाळवायच्या खोलीच्या दाराला आतून खडूने लिहिलेली एक यादी होती, एक ते दहा. दर सोमवारी त्यात एखादा वर जायचा, एखादा खाली यायचा, आणि मग जेवणाच्या सुट्टीत भांडण.

भांडायला समोर असायचे बावणेभाऊ. ते आमच्या जीपचे ड्रायव्हर. रोज सकाळी उमरेडहून एसटीने यायचे. ते धावणाऱ्यांच्या बाजूचे.

"मॅडम, चालणाऱ्या झोंबीपासून तं माही म्हातारी सासूही पळून जाईन. त्यात भ्यायचं काय?"

"धावणारा तुले दचकवते, बावणे. दचकणं म्हंजे भीती नाही. दचकवते तं कुत्रंही. चालणारा दुरून दिसते. त्याले घाई नाही. तू पळून पळून थकशील, तो थकत नाही. एकटा दिसला तं हसू येते. अन् मागं वळून पाह्यलं तं पन्नास!"

"पन्नास झाले तरी गेट लावून टाकायचं."

"गेटच्या आत किती दिवस बसशील? पाणी कुठून आणशील?"

बावणेभाऊ भाकरीचा तुकडा तिखटात बुडवून म्हणायचे, "तरी पण लिफ्टवालाच एक नंबर." मॅडम खडू उचलून लिफ्टवाल्याला आणखी एक पायरी खाली ढकलायच्या.

एकदा मी विचारलं, "मॅडम, तुम्ही भूत मानता?"

"छे! आमच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, त्याच दिवशी आमच्या घरातलं भूतखेत बंद झालं."

"मग झोंबी?"

"झोंबी भूत थोडी आहे गा? मेलेला-बिलेला ते सोडून दे. तो माणूसच आहे. फक्त त्याले आता कोणाची ओळख राह्यली नाही." मग म्हणाल्या, "मी तेवढंच पाहते. चावल्यावर रक्त किती निघालं, ते नाही पाहत. ज्या क्षणाले ओळख जाते ना डोळ्यांतून, तो कसा घेतला, त्याच्यावर माहा नंबर."

पूलवाला त्यांच्या यादीत वर्षभर पहिला होता. पुलाच्या दोन टोकांना दोन भाऊ. थोरला चावला गेलेला. धाकटा त्याला घरच्या नावाने हाका मारतो. थोरला थांबतो, मान थोडी कलती करतो, आणि मग पुन्हा चालायला लागतो. "तीन सेकंद," मॅडम म्हणायच्या. "ते तीन सेकंद मी पाच वेळा मागं नेऊन पाह्यले. वाटते, आता ओळखीन. आता ओळखीन."

त्यांनी मला आणि बावणेभाऊंना तो सिनेमा पाहायला एका रविवारी दुपारी घरी बोलावलं. पडदे ओढले, पंखा बारीक केला. मॅडमचे यजमान शाळेत भूगोल शिकवायचे. ते म्हणाले, "मी आंघोळीला जातो, तुमचं चालू द्या." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की झोंबीच्या सिनेम्यांवर अधिकारवाणीने बोलणारी ही बाई सिनेमा डोळ्यांवर पदर घेऊन बघते. पदराच्या फटीतून एक डोळा. "गेला का? लांजेवार, सांग ना, गेला का?" मी स्वतः उशीमागे होतो, मी काय सांगणार! ऐन पुलावर मागच्या दारातून डोक्यावर ओला टॉवेल घेतलेली एक आकृती हळूहळू आत आली. मी किंचाळलो, बावणेभाऊंच्या हातातली चिवड्याची प्लेट उडाली, आणि मॅडम किंचाळून सोफ्यावर उभ्याच राहिल्या. टॉवेलखालून सर म्हणाले, "चहा ठेवू का?"

सिनेमा संपल्यावर मॅडमचा हात गार पडला होता. हसत होत्या, पण गार. मला म्हणाल्या, "अशी सवय ठेवावी भीतीची. म्हणजे खरी आली का हातपाय चालतात."

हे वाक्य मी पुढे खूपदा आठवलं. खरं आहे की खोटं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या वर्षी मार्चच्या शेवटी आम्ही भिवापूरकडच्या एका गावात मातीचे नमुने घ्यायला गेलो. आठवडाभर सगळ्यांच्या मोबाइलवर एक निरोप फिरत होता. पांढऱ्या गाडीतून टोळी येते, पोरं पोत्यात घालून नेते, सावध राहा. बावणेभाऊंनी तो जीपमध्येच वाचून दाखवला होता आणि आम्ही हसलो होतो. आमची जीप पांढरी होती. मागे मातीने भरलेल्या कापडी पिशव्या होत्या. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बारा वाजून गेले होते. मिरचीचा शेवटचा तोडा झालेला, रानात माणूस नव्हतं. दूर एका खळ्यावर लाल मिरची वाळत होती आणि वारा आला की नाकाला झोंबायची. मी खड्डा करत होतो, मॅडम त्याच्या कडेची माती खुरप्याने तासून घेत होत्या. तेवढ्यात बांधावरून तीनेक वर्षांचं एक पोर अनवाणी, रडत आलं. जमीन तापलेली. पाय उचलून उचलून नाचत होतं ते. मॅडमनी खुरपं टाकलं, त्याला उचललं आणि जीपच्या मागच्या सीटवर सावलीत बसवलं. पाणी पाजलं. "कोणाचा रे तू? माय कुठं आहे?"

विहिरीजवळून कोणीतरी ओरडलं. काय ओरडलं ते कळलं नाही. मी मान वर केली तर एक माणूस मोबाइल समोर धरून आमचं चित्रण करत होता.

आधी मोटरसायकलवर दोघं आले. बावणेभाऊंनी ओळखपत्र दाखवलं. एकाने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि खिशात घातलं. "नकली आहे," तो म्हणाला. रागाने नाही. सहज म्हणाला, आज ऊन फार आहे म्हणावं तसं. दुसऱ्याने जीपची किल्ली काढून घेतली. मग चौघं आले. मग मी मोजणं सोडलं. बांधावरून, नाल्याकडून, गावाच्या वाटेने माणसं येत होती. पळत कोणी येत नव्हतं. चालत येत होती. पोर घाबरून मोठ्याने रडायला लागलं आणि एका बाईने ते ओढून घेतलं. आम्ही तिघं जीपमध्ये शिरलो आणि दारं लावून घेतली.

मला सगळ्यात जास्त आठवतात ते चेहरे. राग असता तर मला कळला असता. तिथे काहीच नव्हतं. काचेला नाक लावून माणसं आत बघत होती आणि त्यांच्या डोळ्यांत आम्ही दिसत नव्हतो. कोणीतरी मागचं दार उचकटून एक पिशवी फोडली. माती निघाली. तरी दुसरा ओरडला, "खाली पाहा, खाली असंन पोरगं!" पुढच्या काचेवर दगड बसला, तिला जाळी पडली. बावणेभाऊ "बाबासाहेब, बाबासाहेब" म्हणत होते. ते स्वतः हिंदू, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मॅडम माझ्या बाजूला होत्या. त्यांचे दात वाजत होते. मी ऐकलं ते. त्या पुटपुटल्या, "लांजेवार, आत बसलो तं संपलो गा."

"मॅडम, दार नका उघडू."

त्यांनी दार उघडलं.

मला वाटलं, त्या आता गर्दीसमोर भाषण करतील; तसं त्यांनी काही केलं नाही. त्यांनी समोरच्या ओळीतली एक म्हातारी निवडली. मिरच्या तोडून बोटं लाल झालेली. मॅडम फक्त तिच्याकडे बघून म्हणाल्या, "माय, तुमचं नाव काय वं?"

म्हातारीने लाल बोटं पदराला पुसली.

"मी रामटेके. नागपूरची. तुमचं नाव काय?"

मागून कोणीतरी चौकड्याचा गमछा बांधलेला माणूस पुढे आला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर काठी मारली. मी तो आवाज ऐकला. मॅडम गुडघ्यावर बसल्या. चष्मा पडला. त्या खालून, तशाच, म्हातारीकडे बघत म्हणाल्या, "माय, नाव सांगा ना."

"सुगंधा," म्हातारी म्हणाली. आपण बोललो याचं तिलाच नवल वाटल्यासारखी.

"सुगंधाबाई, यंदा मिरची कशी झाली तुमची?"

"कशाची होते. कोकडा पडला."

"पानं वळली का?"

"हाव."

मॅडमनी मग म्हातारीच्या शेजारच्या पोराकडे मान वळवली. "तुझं नाव?" त्याने मोबाइल खाली केला. "मंगेश." "मंगेश, तुझं शेत कोणत्या बाजूनं?" त्याने हात केला. मग त्याच्या पलीकडचा. मग आणखी एक बाई. काठीवाल्यालाही त्यांनी विचारलं. त्याने काठी पुन्हा उचलली, पण सुगंधाबाई मध्ये आली आणि म्हणाली, "थांब ना रे. बोलून राह्यली ना ते."

एवढंच झालं. चार-पाच नावं. दहा मिनिटं गेली असतील. तेवढ्यात पोराची आई धावत आली, तिच्यामागे पोलीस पाटील. ती ओरडून सांगत होती की पोर खळ्यावरून निसटलं होतं. "ह्या बाईनं सावलीत बसवलं माह्या लेकराले!" आणि माणसं जशी आली होती तशी, चालत, परत जायला लागली. कोणी मान खाली घातली नाही. एकाने मॅडमचा चष्मा उचलून दिला आणि म्हणाला, "काच फुटली पाहा मॅडम."

पोलीस पाटलाने जीपची किल्ली आणि ओळखपत्र परत मिळवून दिलं आणि आम्ही निघालो. उमरेडच्या अलीकडे बावणेभाऊंनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. मॅडमनी त्यांच्या पाठीवर डावा हात ठेवला. उजवा उचलतच नव्हता. खांद्याचं हाड तडकलेलं होतं. पोलिसात तक्रार नोंदवली. मारणाऱ्याच्या नावाच्या जागी 'अनोळखी इसम' असं लिहिलं गेलं.

दीड महिन्याने मॅडम कामावर आल्या. बाहेरून सगळं तसंच होतं. फक्त खोलीत चार माणसं एकदम आली की त्या उठून बाहेर जायच्या. सिनेम्याचं नाव निघत नव्हतं. दारावरची यादी ओल्या फडक्याने कोणी पुसली, ते मला माहीत नाही.

पेरणीच्या आधी शेतकऱ्यांची रांग लागते, तेव्हा एक दिवस टेबलाशी तो आला. मी आधी चौकड्याचा गमछा पाहिला, मग काठी मारणाऱ्याचा तो चेहरा. तो हसतमुख होता. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाला, "नमस्ते मॅडम. मिरची लावायची आहे, जरा पाहून सांगा."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं, कारण पेन हातातून सुटलं. तो वाकला, पेन उचलून दिलं. मग म्हणाला, "मॅडम, तुम्हाले कुठंतरी पाह्यल्यासारखं वाटते."

"पाह्यलं असंन," मॅडम म्हणाल्या. "फॉर्म भरा."

त्याने जीभ दाताखाली धरून, सावकाश, वळणदार अक्षरात आपलं नाव लिहिलं. गावाचं नाव, गट नंबर. मॅडमनी फॉर्म वाचला. मग जमिनीचा उतार विचारला, मागचं पीक विचारलं, शेणखत किती टाकता ते विचारलं. आवाज सरळ होता. तो पोरीच्या बारावीच्या निकालाचंही सांगून गेला. पहिली आली होती वर्गात.

तो गेल्यावर मी म्हटलं, "मॅडम, नाव मिळालं. पत्ता मिळाला. आत्ता पोलिसांना फोन करू."

त्या माती वाळवायच्या खोलीत गेल्या. मी मागे गेलो. त्या ट्रेच्या कडेला धरून उभ्या होत्या आणि ट्रेमधली माती थरथरत होती.

"नको."

"तुम्ही त्याला माफ केलं?"

"माफ-बिफ काही नाही गा. मले भीती वाटते त्याची. उद्या तक्रार केली तं तोही मले ओळखीन." मग ट्रे जागेवर ढकलून म्हणाल्या, "त्याले खरंच आठवत नाही. पाह्यलं ना तू? खोटं नव्हता बोलत तो."

त्याच्या मातीचा अहवाल त्यांनी स्वतः केला. जस्त कमी निघालं. किती टाकायचं, कधी टाकायचं, तेही खाली लिहिलं.

त्याच आठवड्यात बावणेभाऊंनी मॅडमना जुन्या रुळावर आणायचा एक प्रयत्न केला. डबा उघडत म्हणाले, "मॅडम, काल एक पाह्यला. जहाजावरचा. धावणारे आहेत, पण तुमच्या पहिल्या तिनात बसंन."

मॅडम बोलतील असं मला वाटलं नव्हतं. पण त्या बोलल्या.

"बावणे, मी एवढे सिनेमे पाह्यले, सगळे चूक आहेत. धावणारेही चूक, चालणारेही चूक. त्याच्यात एकदा का माणूस तसा झाला का तो तसाच राह्यते. काहून? खरं तसं नसते ना. संध्याकाळी ते लोक घरी गेले असतीन. हातपाय धुतले असतीन. पोरीले म्हटलं असंन, अभ्यास कर. जेवले असतीन." त्यांनी डबा बंद केला. "हे जो दाखवीन, तो एक नंबर. अन् तो मी पाहू शकणार नाही."

बावणेभाऊंनी पुढे कधी विषय काढला नाही. मीही नाही. मला मात्र तेव्हापासून एक सवय लागली आहे, ती सांगायला लाज वाटते. बाजारात कोणी हसून बोललं की मी त्याच्या हाताकडे बघतो.

मॅडमनी बदली मागून घेतली. भंडाऱ्याला. सरांचं मूळ गाव तिकडचं. खोली बघायला जायचं होतं त्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर बसस्थानकावर सोडलं. लग्नसराई होती, फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. बस लागली की माणसं दाराशी तुटून पडायची आणि मॅडम खांबाला पाठ लावून उभ्या राहायच्या. अशा तीन बस त्यांनी सोडल्या. चौथी लागायच्या आधीच वळणावर मी कंडक्टरला विनवून त्यांना आत चढवलं. त्या खिडकीशी बसल्या. त्यांनी तिथून मला हात केला, जा आता म्हणून. मी गेलो नाही.

बस फलाटाला लागली आणि गर्दी उसळली. हातात दोन पिशव्या आणि कडेवर वर्षाचं मूल घेतलेली एक तरुण बाई दारापर्यंत पोचू शकत नव्हती. ती खिडकीखाली आली. वर न बघता, जसं आपल्याकडे सगळेच करतात तसं, तिने ते मूल उचलून खिडकीतून आत दिलं.

"मावशी, धरा जरा. जागा पकडा, मी येते."

आणि ती गर्दीत गेली.

मॅडमच्या हातात मूल होतं. मूल रडायला लागलं. आतली माणसं वळून बघायला लागली, एक, मग आणखी एक. मी खिडकीकडे धावलो, पण मध्ये माणसंच माणसं. इंजिन सुरू झालं, बस हलली. मॅडम एकदम ओरडल्या. इतक्या मोठ्याने की अख्ख्या फलाटाला ऐकू गेलं असेल, "थांबवा! याची माय खाली आहे! याची माय खाली आहे!"

कंडक्टरने घंटी मारली. बस थांबली. ती बाई दारातून रेटत रेटत आत शिरली, हसत होती, घाम पुसत होती. मॅडमच्या सीटपर्यंत पोचून तिने आधी पिशव्या वर ठेवल्या, पदर नीट केला. मुलाला घ्यायची तिला काही घाई नव्हती. मॅडमना ती काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही.

बस निघाली. मी बघत होतो. मॅडमनी त्या मुलाला छातीशी धरलं नव्हतं. दुखऱ्या खांद्यासकट दोन्ही हात लांब करून, सगळ्या बसला दिसेल इतकं उंच, त्यांनी ते समोर धरलं होतं, आणि वळणापर्यंत ते तसंच दिसत होतं.